पाठीमागून बोललेलं

"अहो! अहो, थांबा! मी खाली आहे अजून!"

झाडावरची माकडं थांबली, पण आमची गाडी काही थांबली नाही. कमरेवर झऱ्यावर भरलेली कळशी, पायात रबरी चप्पल, मोबाइल गाडीत चार्जिंगला लावलेला, आणि मी घाटाच्या रस्त्यात मधोमध उभी. माझं घर माझ्या डोळ्यांदेखत वळण घेऊन दिसेनासं झालं.

घर म्हणजे खरंच घर, बरं का. ती पिवळी मिनीबस आधी कुठल्याशा शाळेची होती. शाळेनं विकायला काढली, आम्ही घेतली, बाकडी उपटून टाकली आणि आत खाट, ओटा, सिलिंडर, भांड्यांची फळी असा संसार बसवला. मागच्या खिडकीत देव बसवले. आमच्या देवांना रोज नवं गाव दिसायचं.

आम्ही दोघंही एसटीतले. आमचे हे, म्हणजे हणमंत शेवाळे, ड्रायव्हर. मी कंडक्टर. लग्न आधी झालं, मग मला नोकरी लागली आणि पुढं एकाच गाडीवर ड्युटी. डेपोतले लोक म्हणायचे, "शेवाळ्यांना घरीपण सुटका नाही आणि गाडीतपण नाही." मी म्हणायची, "कुणाची सुटका म्हणताय, ते तरी सांगा."

हे रिटायर झाल्यावर मीही मुदतीआधीच राजीनामा दिला. पोरगा बडोद्याला कंपनीत. कराडच्या कडेला दोन खोल्या बांधल्या होत्या, त्यात जेमतेम एक उन्हाळा काढला. चाक हातात नाही म्हटल्यावर यांना जेवण जाईना. रात्री झोपेत गिअर टाकायचे, माझ्या गुडघ्यावर! शेवटी मीच म्हणाले, घ्या बाबा गाडी. तेव्हापासून आम्ही आठवडी बाजार धरले. सोमवारी एक गाव, मंगळवारी दुसरं. गाडीच्या एका अंगाला हे कुकर, शेगड्या, मिक्सर दुरुस्त करायचे. दुसऱ्या अंगाला माझं मशीन. साडीला फॉल-पिको, पिशवीची चेन, ब्लाऊज उसवून देणं. उसवून देणंच जास्त. बायका बाजाराला दर आठवड्याला भेटतात आणि दर आठवड्याला जाड होतात.

एक सवय मात्र एसटीतली आम्ही सोडली नाही. गाडीत दोरी बांधली होती आणि पुढं ड्रायव्हरच्या डोक्याशी घंटा. एक घंटा म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. मी दोन घंटा दिल्याशिवाय हे गाडी हलवायचे नाहीत. लोकांना गंमत वाटायची. आम्हाला गंमत नव्हती, तो आमचा धर्म होता. मंत्री खोळंबला तरी डबल बेलशिवाय गाडी हलत नाही, असं हेच नव्या पोरांना सांगायचे.

आणि तो माणूस आज बेलशिवाय निघून गेला. बायकोला रस्त्यावर टाकून!

आधी वाटलं, पुढच्या वळणावर कळेल, थांबतील. मी कळशी घेऊनच चालत वळणापर्यंत गेले. रस्ता रिकामा. खाली दरीत दोन वळणं सोडून आमचं पिवळं छप्पर निवांत उतरत होतं.

तेव्हा माझ्या डोक्यात जे आलं ते सांगते. मला वाटलं, मिळालं तुला उत्तर, रजनी.

उत्तर कशाचं, तर संक्रांतीनंतर मी यांना एक गोष्ट बोलले होते. असाच घाट होता, हे गाडी चालवत होते आणि मी मागं माझ्या जागी उभी. समोर बसून बोलायची आम्हाला सवयच नाही. उभ्या नोकरीत मी यांच्या पाठीशीच बोलले. पाठीशी बोलणं सोपं जातं. तोंड दिसत नाही, आपलं बोलून होतं. तर त्या दिवशी मी धीर केला आणि म्हणाले, "अहो, मला आता घरी जायचंय. मला फिरणं पुरे झालंय. गाडी विकू या आणि कराडला राहू या."

यांनी गिअर बदलला. बस. हो नाही, ना नाही. मानसुद्धा हलवली नाही.

मी वाट पाहिली. संध्याकाळी जेवताना काढतील विषय, उद्या काढतील. नाही. होळी झाली, पाडवा झाला, हे आपले कुकरच्या रिंगा बदलतायत. पुन्हा विचारायला माझी मान खाली जाईना. एकदा सांगितलंय ना? माणसाला ऐकायचंच नसेल तर शंभरदा सांगून काय उपयोग! मी आपली आतल्या आत धुमसत होते. आणि यांचं वागणं तर बघा. मी इकडून काहीही विचारलं की नुसतं "हं". पोराचा फोन आला की "तूच बोल". रस्त्याला लागतानाही आताशा घाई. मी दार लावून दोरीला हात घालते न घालते तोच गाडी सुरू. मी म्हणायची, "घंटा तरी देऊ द्या की! कोण वाट बघतंय पुढं?" त्यावरही "हं".

मला घरी का जायचं होतं? कारण फार मोठं नव्हतं. गुडघे धरले होते, ते एक. दारात कढीपत्ता लावायचा होता. स्वतःचा नळ पाहिजे होता. आणि मला शेजारीण पाहिजे होती. हसू नका. रस्त्यावर भांडणसुद्धा धड करता येत नाही. सकाळी एखादीशी वाजलं की संध्याकाळी आपण दुसऱ्या गावात. मला उद्यापर्यंत टिकणारं भांडण हवं होतं, आणि परवा तिच्याच घरी हळदीकुंकवाला जायचं होतं. यांना रस्ता हवा, मला उंबरा हवा. एवढाच सवाल होता, आणि त्याचं उत्तर हे देत नव्हते.

आणि आज दिलं, असं मला वाटलं.

रडू आलं, पण रागापुढं रडणं टिकेना. कळशी ओतून हलकी करावी म्हटलं, तर तेही जीवावर आलं. त्या झऱ्याची धार करंगळीएवढी. केवढा वेळ ती धरून बसले होते. ज्यासाठी टाकून गेले ते पाणी मी कशाला टाकू? तशीच कठड्यावर बसले.

थोड्या वेळानं मागून एक पिकअप आला. खिळखिळत, तवे-विळे-खुरपी वाजवत. हा आवाज आमच्या सगळ्या बाजाराच्या ओळखीचा. दस्तगीरमामा. लोखंडी सामान विकायचे, आमच्याच बाजारांना फिरायचे. वयानं आमच्यापेक्षा थोर, दाढी मेंदीनं लाल.

"या अल्ला! वहिनी? इथं काय करताय?"

"हवा खातेय."

"कळशी घेऊन?"

"मामा, आधी मला बसू द्या. मग काय ते विचारा."

त्यांनी शेजारची सीट झाडली, कळशी माझ्या पायाशी ठेवली आणि गाडी सुरू केली. मी सगळं सांगितलं. घरी जायचंय ते सोडून. नवऱ्यानं बेल न घेता गाडी नेली, एवढंच. ते जीभ चावून म्हणाले, "असं करणारा माणूस नव्हे तो."

"मीही तेच म्हणायची, मामा. आज बघितलं ना."

"काहीतरी बिनसलंय पण त्यांचं. परवा मी मागनं हॉर्न देतोय, देतोय, देतोय. साईडच देईनात. मला वाटलं, माझ्यावरच राग काढतायत. मी म्हटलं, जाऊ दे, उधारीचा तवा नेलाय त्यांनी, म्हणून तोंड चुकवतायत."

"तवा मी नेलाय, आणि तसला दोन दिवसांत वाकडा होणारा तवा परत घेऊन जा तुम्ही!"

मामा हसले. मी काही हसले नाही. मला वाटलं, चला, माणूस नुसता माझ्याशीच नाही, जगाशीच फुगलाय. आता बाजारात पोचले की सगळ्यांच्या देखत विचारायचं. मी वाक्यं जुळवत बसले. कंडक्टरचं तोंड आहे माझं, भरल्या गाडीला पुढं सरकवलेलं. एका नवऱ्याला काय घाबरते?

बाजार भरला होता. आमची गाडी नेहमीच्या जागी, चिंचेखाली उभी. दार उघडं, ताडपत्री ओढलेली, यांची हत्यारं गोणपाटावर मांडलेली. आणि हे स्टुलावर बसलेले, पाठ माझ्याकडं. जसं काही झालंच नाही! समोर दोन बायका कुकर घेऊन उभ्या. छोट्या शेगडीवर एक कुकर ठेवलेला. दुरुस्त केला की हे त्यात पाणी घालून शिट्टी करून दाखवायचे. शिट्टी नीट वाजली की पैसे.

मी दहा पावलांवरूनच तोंड सोडलं. "काय हो डायव्हरसाहेब! बायको मेली का जिवंत आहे, काही चौकशी? रस्त्यावर टाकून आलात मला, लाज आहे का थोडी? सरळ सांगायचं होतं, नाही जायचं घरी म्हणून! घाटात सोडायची काय पद्धत झाली?"

कांदेवाला उठून बघायला लागला. त्या दोन बायका माझ्याकडं बघायला लागल्या. हे बघेनात.

आणि तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली. चांगली खणखणीत, अख्ख्या बाजारानं ऐकावी अशी. ती थांबेना. एक बाई म्हणाली, "अवो, बंद करा की!" हे मात्र कुकरकडं टक लावून बसलेले. वाकून, डोळे बारीक करून वाफेकडं बघत होते. वाफ सरळ वर गेली तशी यांनी मान हलवली आणि शेगडी बंद केली.

माणूस शिट्टी बघत होता. ऐकत नव्हता.

 मी त्यांच्या अगदी पाठीमागं गेले. हळू नाही, आपल्या नेहमीच्या आवाजात म्हणाले, "अहो, चहा ठेवू का?"

काही नाही.

"अहो, तुमच्या शर्टावर विंचू आहे."

यांनी निवांतपणे पान्हा पुसला.

दस्तगीरमामा माझ्यामागं कळशी घेऊन उभे होते. त्यांनी माझ्याकडं बघितलं, मी त्यांच्याकडं. त्यांनी कळशी हळूच खाली ठेवली, त्या बायकांना म्हणाले, "चला गं, तिकडं तवे बघा जरा," आणि त्यांना घेऊन गेले. देवमाणूस.

मी समोर जाऊन उभी राहिले. यांनी वर बघितलं आणि चक्क हसले. "उठलीस? म्हटलं, झोपू दे जरा, म्हणून मागं डोकावलो नाही. सकाळपासून मशीनवर होतीस." मग कळशी दिसली. "हे परत पाणी कुठनं आणलंस?"

"घाटातनं," मी म्हणाले.

हे माझ्या ओठांकडं बघत होते. इतके दिवस मला वाटायचं, म्हातारपणी माझ्याकडं टक लावून बघायला लागलेत. मला आतून जरा बरंही वाटायचं, खोटं कशाला बोलू.

मी खाली गोणपाटावर बसले. तोंड यांच्या तोंडासमोर आणून एकेक शब्द मोठ्यानं म्हणाले, "ऐकू कधीपासून येत नाही?"

यांनी आधी इकडं तिकडं बघितलं. मग पान्हा ठेवला, परत उचलला, परत ठेवला.

"दिवाळीपासनं," म्हणाले. "डावा आधी गेला. मग उजवा. समोरनं मोठ्यानं बोललं की कळतं थोडं. बाकी तोंडावरनं."

"आणि घंटा?"

"घंटा कुठली ऐकू येतीय आता. तू चढलीस की दार ओढतीस. त्याचा सीटला दणका बसतो. दणका बसला की मी निघतो."

"आज दार वाऱ्यानं लागलं असणार," मी म्हणाले. "मी झऱ्यावर होते."

त्यांना कळायला क्षणभर लागलं. मग तोंडावरचा रंगच गेला. एकदा गाडीकडं बघितलं, एकदा कळशीकडं, एकदा माझ्या पायांकडं. चपलेला घाटातली लाल माती लागली होती.

"तुला ठेवून आलो?"

"हो."

"बाई गं," म्हणाले आणि दोन्ही हातांनी कपाळ धरलं. "तू मागं पळालीस? हाका मारल्यास?"

"मारल्या. माकडं थांबली."

हसतील असं वाटलं होतं. नाही हसले. खिशातून गाडीची किल्ली काढून माझ्या हातात दिली. 

"तुला सांगितलं असतं तर तू गाडी बंद केली असतीस," म्हणाले. "म्हणून बोललो नाही. आरसे बघून चालवत होतो. वाटलं, हे वर्ष निघेल. आता संपलंच. बहिऱ्याच्या हातात चाक द्यायचं नसतं. मीच दुसऱ्या कुणाला दिलं नसतं. उद्या कुणाच्या अंगावर गेली असती म्हणजे?"

ही बोलणी ऐकून मला आनंद व्हायला पाहिजे होता. जे मला हवं होतं ते यांनी आपण होऊन माझ्या हातात ठेवलं होतं. पण असलं घर कुणाला पाहिजे? हरलेला माणूस खाटेवर आणून बसवायचा आणि मी दारात कढीपत्त्याला पाणी घालायचं? यांच्याकडं बघून माझं काळीज तुटलं. कोपऱ्यात बसवलेल्या पोरासारखे दिसत होते.

"मी तुम्हाला आधीच सांगितलं होतं," मी म्हणाले.

"काय?"

"संक्रांतीनंतर. घाटात. मागनं."

"मागनं बोललीस?" म्हणाले. "मागनं बोललेलं मला सहा महिने कळत नाही. काय म्हणाली होतीस?"

आता हे पुन्हा सांगायचं, तेही तोंडावर. पाठीशी बोलताना जे सहज निघालं होतं ते समोर बसून निघेना. मी पुटपुटले. यांनी कानाला हात लावला. "मोठ्यानं."

मी जरा मोठ्यानं म्हणाले.

"अगं, मोठ्यानं की!"

मग मात्र मी कंडक्टरचा आवाज लावला. "मला घरी जायचंय! मला फिरणं पुरे झालंय! मला एका जागी राहायचंय! तुमचे कान चांगले होते असं मला वाटत होतं, तेव्हापासून मला जायचंय!"

 कांदेवाल्याचा तराजू तसाच हवेत. दूर दस्तगीरमामा विळा हातात घेऊन उभे.

हे माझ्याकडं बघत राहिले. मी तयारीत होते. इतके महिने मनातल्या मनात भांडून माझी सगळी उत्तरं पाठ झाली होती. हे काय म्हटले तर मी काय म्हणायचं, सगळं.

"बरं," हे म्हणाले.

"बरं म्हणजे?"

"बरं म्हणजे बरं. जाऊ या की." आणि थोडं थांबून, "म्हणजे माझ्या कानामुळं नाही?"

"कानाचं मला आत्ता कळलं. मी आधीपासून म्हणतेय."

"तुला जायचंय म्हणून जायचं."

"हो. मला जायचंय म्हणून."

यांची पाठ जरा सरळ झाली. पान्हा उचलला, कुकर फडक्यानं पुसला आणि कांदेवाल्याला आपल्या जुन्या, एसटीतल्या आवाजात हाक मारली. "पांडबा, ऐकलंस का? आमच्या मंडळींना आता घर पाहिजे म्हणतात. मग गाडी उभी करावी लागंल. काय करणार, बायकोपुढं कुणाचं चालतंय!"

"नाहीच चालत," पांडबा म्हणाला.

 सगळ्या बाजारानं मला नावं ठेवली असतील, की हिनं त्या माणसाचा रस्ता सोडवला. ठेवू देत. ते खरंच होतं, आणि यांना ते तसंच सांगायला बरं पडत होतं.

त्या दिवसानंतर यांनी चाक धरलं नाही. पोराला कळवलं, तो चार दिवसांनी येऊन गाडी कराडला नेणार असं ठरलं. तोवर आम्ही तिथंच चिंचेखाली. बाजार उठला, मैदान रिकामं झालं, ऊन उतरलं. मी चहा केला आणि सवयीनं माझ्या जागी, यांच्या मागं बसायला गेले.

"तिकडं नको," हे म्हणाले. स्टूल ओढून समोर ठेवलं आणि त्यावर हात आपटला. "इथं बस."

बसले. चहा झाला. हे कपाकडं बघत काहीतरी मनात जुळवत होते.

"घाटात ते बोललीस," म्हणाले. "आणि मी गप्प राहिलो."

"हो."

"आणखी काय काय बोललीस, दिवाळीपासनं? मागनं?"

"पुष्कळ."

"मग सांग."

"सगळं?"

"पोरगं यायला चार दिवस आहेत," म्हणाले. "सांग. तोंड इकडं करून सांग."

मी कप खाली ठेवला, यांच्याकडं तोंड केलं आणि दिवाळीपासून सुरुवात केली.